रूट नाही म्हणून इमेजमॅजिक नाही?

‘शेअर्ड होस्टिंगवर इमेजमॅजिक बसत नाही, त्याला रूट लागतो. जीडी असताना त्याची गरजही नाही. बसवलंत तर मेमरी खाऊन अकाउंट बंद पाडेल. सरळ व्हीपीएस घ्या.’ वेबसाइट करणाऱ्यांमध्ये हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. (इमेजमॅजिक म्हणजे कमांडने फोटो बदलणारं सॉफ्टवेअर; जीडी म्हणजे वेबसाइटच्या पीएचपी या भाषेसोबत येणारं तशाच कामाचं साधन. शेअर्ड होस्टिंग म्हणजे अनेकांत वाटलेला सर्व्हर, व्हीपीएस म्हणजे आपल्यापुरता वेगळा आभासी सर्व्हर.) त्यातलं मेमरीचं वाक्य तेवढं अर्धं खरं आहे.

आधी रूट, म्हणजे सर्व्हरवरचा सर्वाधिकार. तो लागतो सिस्टिमच्या फोल्डरांत लिहायला. सोर्स, म्हणजे मूळ कोड, उतरवून कॉन्फिगर करताना (ही बांधणीआधीची तयारी) ‘प्रीफिक्स’ म्हणून आपल्याच होम फोल्डरमधली जागा दिली, की मेक इन्स्टॉल ही कमांड तिथेच सगळं मांडतं, कुणाची परवानगी न मागता. एसएसएच (सर्व्हरवर दुरून कमांड देण्याची सोय) आणि कंपायलर (कोडातून चालणारा प्रोग्रॅम, म्हणजे बायनरी, बनवणारं साधन) मात्र हवेत. होस्टने कंपायलर बंद ठेवला असेल, तर तसल्याच लिनक्सवर बायनरी तयार करून वर चढवायची.

खरा खड्डा पुढे आहे. सगळं बिनतक्रार बसतं आणि पहिल्याच जेपीजीला ‘नो डीकोड डेलिगेट’ असं उत्तर येतं, म्हणजे तो प्रकार वाचणारी मदतनीस लायब्ररी नाही. कारण कॉन्फिगरला जेपीजी लायब्ररीच्या हेडर फाइल सापडल्या नाहीत, तर ते थांबत नाही. जेपीजी गुपचूप वगळून पुढे जातं. म्हणून जेपीजी, पीएनजीच्या लायब्ररी आधी त्याच प्रीफिक्समध्ये बसवा आणि लायब्ररी शोधून देणाऱ्या पॅकेज-कॉन्फिगला तो रस्ता दाखवा. बसवून झाल्यावर व्हर्जन विचारलं की डेलिगेट्सची ओळ दिसते, ती वाचल्याशिवाय उठू नका.

रूटवाल्यांचा मुद्दा थोडाफार टिकतो तो पीएचपीतून इमेजमॅजिक वापरू देणाऱ्या इमेजिक एक्स्टेन्शनपाशी. एक्स्टेन्शन चढवायची ओळ मुख्य पीएचपी आयएनआय या सेटिंगच्या फाइलमध्येच चालते, फोल्डरमधल्या यूजर आयएनआयमध्ये नाही. पण बऱ्याच होस्टांच्या पॅनेलमध्ये पीएचपी एक्स्टेन्शनची यादी असते आणि तिथे फक्त टिक करायची राहिलेली असते. ती यादी आधी बघा! नसेल तर पीएचपीच्या एक्झेक फंक्शनने कमांड चालवता येते, आणि एक्झेक बंद असेल तर क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवणाऱ्या सोयीतून. क्रॉनमध्ये फोटो लगेच तयार होत नाही, पण दुकानाच्या साइटला पाच मिनिटांनी काय बिघडतं?

‘जीडी आहे की’ हे मराठी माणसाने तरी म्हणू नये. फोटो लहान करायला जीडी उत्तमच आहे, त्यात वाद नाही. पण पीएचपीसोबत येणाऱ्या जीडीने चित्रावर ‘विठ्ठल’ लिहून बघा. अक्षरं साठवलेल्या क्रमानेच मांडली जातात, त्यामुळे पहिली वेलांटी ‘व’च्या डावीकडे न येता उजवीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षर फुटतं. लग्नपत्रिका किंवा शुभेच्छापत्रावर नाव घालून देणाऱ्या साइटचा तिथेच बोऱ्या वाजतो. इमेजमॅजिकमध्ये राकम किंवा पँगो (अक्षरं लिपीच्या नियमांनी मांडणाऱ्या लायब्ररी) जोडलेलं असेल तर तेच नाव नीट उमटतं. जोडलेलं असेल तर! म्हणूनच ती डेलिगेट्सची ओळ.

मेमरी. फोनमधला ४०००×३००० चा फोटो म्हणजे १.२ कोटी पिक्सेल. इमेजमॅजिक ७ मूळ मांडणीत (क्यू१६ म्हणजे एका रंगाला १६ बिट, एचडीआरआय म्हणजे रंगाचे आकडे दशांशात ठेवणं) एका रंगाला ४ बाइट घेतं, म्हणजे तीन रंगांचे किमान १४४ एमबी, आणि आकार बदलताना नवी प्रत वेगळी. पीएचपीच्या मेमरी लिमिटमध्ये हे मोजलं जात नाही, पण होस्टने अकाउंटवर घातलेल्या मर्यादेत मोजलं जातं. तक्रारी येतात त्या इथून. बांधतानाच क्यू८ निवडून एचडीआरआय बंद केलं की तोच फोटो ३६ एमबीच्या आसपास मावतो. वेबवरच्या जेपीजीला तेवढं पुरतं. थ्रेडची, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या कामांची, मर्यादाही १ वर आणा, नाहीतर एका फोटोसाठी ते सर्व्हरच्या सगळ्या कोअर वापरायला धावतं.

त्या सल्ल्यात एक इशारा असायला हवा होता, तोच नाही. २०१६ मध्ये ‘इमेजट्रॅजिक’ नावाने गाजलेल्या त्रुटीत, चित्र म्हणून चढवलेल्या फाइलमधून सर्व्हरवर कमांड चालवता येत होत्या. होस्टची प्रत होस्ट अपडेट करतो. होम फोल्डरमधली तुमची प्रत तुम्हीच करायची. इमेजमॅजिकला काय उघडू द्यायचं ते ठरवणाऱ्या पॉलिसी फाइलमध्ये एमव्हीजी, एमएसएल, यूआरएल असे न लागणारे प्रकार पहिल्याच दिवशी बंद करा.

व्हीपीएस तासाला शेकडो फोटो येत असतील तर जरूर घ्या. तिथे रूट मिळतो, आणि फायरवॉल, मेल, बॅकअप, कर्नलचे अपडेट हेही त्याच हातात मिळतात.