ओबामाचा दाखला आणि माझा

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत नाना आहेत, वय 74, रोज पहाटे वेताळ टेकडी चढतात आणि उतरले की थेट आमच्याकडे चहाला. टेकडीवर त्यांना कोण भेटतं देव जाणे, पण खाली येताना काहीतरी गुपित घेऊनच येतात. त्यातलं सगळ्यात जुनं म्हणजे ओबामा अमेरिकेत जन्मलेलाच नाही, बापाच्या केनियात जन्मला, म्हणजे राष्ट्राध्यक्ष व्हायलाच अपात्र, जन्मदाखला बनावट आहे. आता तो माणूस 2017 च्या जानेवारीत खुर्ची सोडून घरी गेला, तरी नाना अजून त्याला पायउतार करतायत.

मी आपलं सांगून बघतो. म्हणलं नाना, 4 ऑगस्ट 1961, होनोलुलु, हवाई. 2008 ला छोटा दाखला दिला, लोक ऐकेनात म्हणून 27 एप्रिल 2011 ला मोठा पण दिला. तर नाना म्हणतात, "अरे तीच तर गंमत, ती फाईल सॉफ्टवेअरमध्ये उघड, कांद्यासारखे लेयर सुटतात." म्हणलं स्कॅन करून फाईल बारीक केली की सुटतात हो. शिवाय त्याच ऑगस्टमध्ये होनोलुलुच्या पेपरात जन्माची बातमी आलेली आहे. "छापून घेतली असेल." अहो, 1961 ला कुणाला ठाऊक की हे पोरगं पुढं मोठं होऊन निवडणूक लढणार आहे! बरं, 2016 ला ट्रम्पनी स्वतः कबूल केलं की तो अमेरिकेतच जन्मला, तर नाना म्हणाले दबाव आला असेल. आणि 2008 ला ओबामाच्या समोर उभे होते ते मॅकेन, ते खरोखरच अमेरिकेबाहेर, पनामा कालव्यापाशी जन्मलेले, त्यांच्याबद्दल नाना चकार शब्द काढत नाहीत.

मला हे सगळं एरवी चाललं असतं, पण नेमका मीच तेव्हा जन्मदाखल्यात अडकलो होतो. लेक न्यू जर्सीत, तिला दिवस गेलेले, तिकडे जायचं (पूर्वी लेक माहेरी यायची, आता माहेरच विमानाने जातं) आणि माझी शाळेच्या दाखल्यावर तारीख 1 जून, पासपोर्टवर 9 ऑगस्ट. 1 जूनचं काही विशेष नाही, आमचा अर्धा वर्ग 1 जूनचा होता, गुरुजींनी एका दिवसात सगळ्यांना जन्माला घातलं. एजंट म्हणाला, काका जन्मदाखला आणा, सगळं सुटेल.

गेलो. पहिल्या खेपेला सर्व्हर डाऊन. दुसऱ्या खेपेला साहेब मीटिंगला. तिसऱ्या खेपेला तिथल्या मॅडमनी खरंच 1971 चं रजिस्टर काढलं, कडा खाल्लेलं, पान उलटलं की पिवळा भुगा टेबलावर, बोट फिरवत ऑगस्ट महिना दोनदा वाचला, आणि अगदी मायेनं म्हणाल्या, "काका, तुम्ही नाहीये. नोंद आढळत नाही असा दाखला देऊ का?" म्हणजे मी जन्मलो नाही याचा सही-शिक्क्याचा पुरावा.

हे मी घरी सांगतोय तर नाना बशीत चहा ओतत म्हणाले, "बघ, आणि त्याचा म्हणे लगेच सापडला!" आणि मग अर्धा तास केनिया.

शेवटी आमची ही आतून लाटणं घेऊनच बाहेर आली. "नाना, तेव्हा त्याच्या आईचं वय काय?"

"अठरा."

"म्हणजे पहिलटकरीण. आणि तिचे आईवडील कुठे राहायचे?"

"होनोलुलुतच," नाना जरा सावध होत म्हणाले.

"मग दिवस भरत आलेले असताना ती अर्धी पृथ्वी ओलांडून सासरी कशाला मरायला जाईल? पहिलं बाळंतपण माहेरी असतं!"

नाना गप्प. खरंच गप्प, बशी हातात तशीच. मी टाळी वाजवणार तेवढ्यात माझं बिस्किट चहात पडलं, कारण डोक्यात लख्ख उजेड पडला की मी पण आईचा पहिलाच. आणि आईचं माहेर निपाणी.

मामेभावाला फोन लावला, त्यानं आठ दिवसांत दाखला धाडला. वर कन्नड, खाली इंग्रजी. पन्नास वर्षं मी लोकांना "आम्ही मूळचे पुण्याचे" म्हणून दुकानात दुपारी एकला का जायचं नाही ते शिकवलं, आणि मी निघालो तंबाखूच्या वखारीशेजारचा. त्यातही 1971 ला त्या राज्याचं नाव कर्नाटक नव्हतंच, म्हैसूर होतं, म्हणजे जिथे जन्मलो ते नाव पण आता नकाशावर नाही.

पुढच्या महिन्यात सोसायटीची निवडणूक, सेक्रेटरीसाठी मी उभा. नानांना आयतंच सापडलं. "तुझा नातू तिकडे जन्मला की जन्मजात नागरिक, पस्तिशी गाठली आणि चौदा वर्षं तिथे काढली की राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहू शकतो. तुझं मात्र इथे अवघड आहे बरं का."

मग खिशातून भिंग काढलं, दाखला खिडकीपाशी उजेडात धरला आणि एकेक रकाना बघत खाली आले. वडिलांचं नाव बरोबर, आईचं बरोबर, तारीख 9 ऑगस्ट, लिंग पुरुष. बाळाचं नाव, रिकामं. बारशाच्या आधीच नोंद केलेली, नंतर जाऊन कोण भरणार.

नानांनी भिंग खाली ठेवलं. "हे तुझंच कशावरून?"

मी किचनकडे बघितलं. ही पोळ्या लाटत राहिली.