पाच टक्के निधीचं पण विचारा

लेख आवडला, गावकऱ्यांनीच समाजमंदिरात दिव्यांग मुलांचं केंद्र चालवायचं हे जमू शकतं, पण पैशाचा विषय लेखात उडत उडत आलाय म्हणून लिहितोय. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के पैसा दिव्यांगांवर खर्च करायचा असतो, आणि बऱ्याच ठिकाणी मार्च एन्डला घाईघाईत थोडेथोडे पैसे वाटून विषय संपवतात. त्यापेक्षा त्या पैशातून मुलांच्या कामाची वस्तू करावी, आमच्याकडे फिजिओ मॅडमनी माप दिलं आणि गावातल्याच सुताराने प्लायवूडची खुर्ची केली, पाठ काटकोनात, पुढे ट्रे आणि दोन मांड्यांच्या मधे ठोकळा म्हणजे मूल पुढे घसरत नाही. पुतण्याला सेरेब्रल पाल्सी आहे (मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर ताबा राहत नाही), आधी भिंतीला लोड लावला तरी कलंडायचा, आता बसून स्वतःच्या हाताने भाकरी कुस्करतो, निम्मी सांडते ते सोडा. पोर वाढलं की खुर्ची पुरत नाही, मग दुसऱ्याला द्यायची.

बाकी २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, मान्य, पण शाळेत रॅम्प चकाचक आणि संडासाचं दार व्हीलचेअरपेक्षा अरुंद, असलं डोकं कोण लावतं देव जाणे!! आणि घरचे व्यायाम शेवटी आईच्याच गळ्यात पडतात, तिने मजुरीला जायचं का पोराचे पाय ताणत बसायचं. लेखातल्या केंद्रात आयांना बुडलेल्या मजुरीचं काही देतात का? कोणाला माहिती असेल तर सांगा.