नवे बोल्ट घेणाऱ्यांनो, जरा तरी लाज बाळगा

तुमच्याकडे १९७८ ते ८३ मधली पोर्शे ९११ एससी असेल आणि तिचं इंजिन उतरवून टेबलावर मांडून ठेवलं असेल तर आधी अभिनंदन, आणि मग एक कळकळीची विनंती, ते जुने नट-बोल्ट फेकू नका हो. कोणीतरी अतिशहाणा तुम्हाला यादी पाठवणारच, रॉड बोल्ट (पिस्टनच्या दांड्याची खालची कॅप आवळणारे) १२, फ्लायव्हीलचे (इंजिनाच्या जड चाकाचे) ९, हेड स्टड (सिलेंडर आणि त्याचं झाकण केसला आवळून धरणारे लांब दांडे) २४, शिवाय नट, वॉशर, ओ-रिंगा वगैरे. वाचून लगेच विरघळायचं नाही. पैसे घालायचे तर दिसतील तिथे घालावेत. गाडीला नवा रंग मारा, सीटला नवं लेदर चढवा. क्रँककेसच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य डब्याच्या, आत कोणता पाहुणा डोकावणारे?

आता रॉड बोल्ट. कंपनीचं मॅन्युअल म्हणतं एकदा काढले की परत लावायचे नाहीत. लिहिलंय कोणी, तर स्टुटगार्टच्या लोकांनी, त्यांना काय जातंय सांगायला! त्यांचं म्हणणं असं की बोल्ट आवळला की तो ताणला जातो आणि त्या ताणामुळेच रॉडची कॅप घट्ट धरून ठेवतो, पण इतकं ताणल्यावर तो परत मूळ लांबीवर येईलच याची खात्री नाही, जुन्या चड्डीच्या इलॅस्टिकसारखं. बरं मग? ती चड्डी आपण घालतोच की. मायक्रोमीटर घेऊन कोणी लांबी मोजायला आला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा, मोजलंच नाही म्हणजे लांबी वाढलेली नाही.

आणि असं काय मोठं काम असतं त्या बोल्टांना? ६००० आरपीएमला पिस्टन सेकंदाला फक्त १०० वेळा वर जाऊन थांबतो आणि परत खाली खेचला जातो, त्यातल्या निम्म्या वेळा, म्हणजे एक्झॉस्ट स्ट्रोक संपताना, वरून दाबायला कॉम्प्रेशनही नसतं, तर पिस्टनला थांबवायचं आणि मागे ओढायचं सगळं ओझं दर रॉडच्या दोन बोल्टांवर, बस एवढंच. तुटलाच एखादा तर रॉड केस फोडून बाहेर येईल. इंजिन तसंही एअर-कूल्डच आहे, एक झरोका वाढला.

हेड स्टडची गंमत न्यारी. ॲल्युमिनियमचा सिलेंडर तापला की साध्या स्टीलच्या जवळपास दुप्पट फुगतो, म्हणून पोर्शेने एक्झॉस्टच्या बाजूला, म्हणजे खाली, डिलाव्हार नावाच्या खास मिश्रधातूचे स्टड घातले, जे सिलेंडरबरोबर बऱ्यापैकी फुगतात. कल्पना झकास, फक्त गंजून ते तडकतात, कधीकधी गाडी गॅरेजमध्ये नुसती उभी असताना सुद्धा. खालचं व्हॉल्व्ह कव्हर उघडलं की नटासकट तुकडा हातात पडतो. घाबरायचं नाही. त्या सिलेंडरच्या ४ पैकी ३ शाबूत आहेत, म्हणजे ७५ टक्के, दहावीला एवढ्यात डिस्टिंक्शन मिळतं.

आधीच्या २.७ लिटर इंजिनवाल्यांचं, १९७४ ते ७७, नशीब अजून थोर. तिथे केसच मॅग्नेशियमची, त्यामुळे स्टड तुटायच्या आधी केसमधले आटे घेऊन उपटून येतो. लोक त्या भोकांत स्टीलचे इन्सर्ट बसवून घेतात. तुम्ही थोडं लॉकटाइट, म्हणजे आट्यांचा गोंद, लावा आणि कुलदैवताला नारळ बोला.

टॉर्क रेंचने (ठरवलेला जोर लागला की टिक् वाजणारा पाना) टिक् केलं की विषय संपला. आता इंजिनिअर लोक सांगतील की तुम्ही लावलेल्या जोरातला साधारण दहावा हिस्साच बोल्ट ताणायला लागतो, बाकी सगळा नटाखाली आणि आट्यांत घासण्यात जातो, आणि आटे जुने, गंजलेले असले की घासणं आणखी वाढतं, म्हणजे रेंच अगदी वेळेवर टिक् म्हणणार आणि बोल्ट आत ढिलाच राहणार. पण टिक् आलं ना? (कोणी आटे साफ करून तेल लाव म्हणालाच तर त्याला विचारा की मॅन्युअलमधला आकडा कोरड्या आट्यांचा की तेल लावलेल्या, तासभर वाद घालत बसेल, तोवर तुमचं आवळून होतं.)

जुने बोल्ट बघवत नसतील तर चमकवा. डोक्यावरचे १०.९ नाहीतर १२.९ वगैरे ताकदीचे आकडे ग्राइंडरने गुळगुळीत करा, मग ॲसिडमध्ये बुडवून घरच्या घरी झिंक प्लेटिंग. या उद्योगात पोलादात हायड्रोजन शिरतो आणि कडक बोल्ट ठिसूळ होतो, म्हणून जाणकार प्लेटिंगवाले काही तासांच्या आत माल २०० डिग्रीच्या आसपास भट्टीत तापवत ठेवतात. तुम्ही कशाला वीज जाळताय. असा बोल्ट आवळताना तुटत नाही, आवळून झाल्यावर निवांत तुटतो, कधी दुसऱ्या दिवशी, त्यामुळे तुमच्यावर आळही येत नाही.

आणि हो, इंजिनावरच्या पत्र्याचे बारके स्क्रू धड असतील तर खरोखर परत लावले तरी चालतात. ते मात्र नवेच घ्या, स्टेनलेसचे, चकचकीत, मागचं झाकण उघडलं की तेच दिसतात.

बाकी एवढं सगळं जमवलंत की इंजिनाचे फोटो काढा, जाहिरातीत 'इंजिन नुकतंच बांधलेलं, फास्टनर सगळे ओरिजिनल' असं ठळक लिहा, शब्द न् शब्द खरा आहे, आणि ट्रायलला आलेल्या गिऱ्हाइकाला प्रेमाने सांगा, साहेब, रनिंग-इन चालू आहे, ३००० च्या वर नेऊ नका.