कोणाचा आयएसटी?

"जुन्या नोंदींच्या वेळांपुढे टाइमझोनचं लघुरूप लावायचंय. सगळीकडे फक्त एकसारखं ठेवा," एवढंच साहेब म्हणाले. त्या 'फक्त'ने माझे तीन आठवडे खाल्ले.

सुरुवात आयएसटीने झाली. भारताचा असणार म्हणून बिनधास्त पुढे गेलो, तर तो आयर्लंडचाही निघाला आणि इस्रायलचाही. सीएसटीवर अमेरिका, चीन आणि क्यूबा असे तिघे वारस. सातबाऱ्यावरसुद्धा यापेक्षा कमी भानगडी असतात.

मग बीएसटी. म्हणजे ब्रिटिश समर टाइम, हे मला पाठ. पण नोंद होती जानेवारी १९७० ची. भर थंडीत कसला समर? चूक समजून खोडलं, आणि दोन दिवसांनी गुपचूप परत लिहिलं. १९६८ ते १९७१ ब्रिटिशांनी घड्याळं बारा महिने तासभर पुढेच ठेवली होती आणि त्याला नाव दिलं होतं ब्रिटिश स्टँडर्ड टाइम. लघुरूप तेच! बहुतेक संगणक १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून सेकंद मोजतात. ती मध्यरात्र ग्रिनिचच्या हिशेबाची; खुद्द लंडनच्या घड्याळात तेव्हा एक वाजला होता.

अमेरिकेची तर आणखी मजा. महायुद्धात ईडब्ल्यूटी, म्हणजे ईस्टर्न वॉर टाइम. ऑगस्ट १९४५ मध्ये जपान शरण आला आणि ईडब्ल्यूटीचा झाला ईपीटी, ईस्टर्न पीस टाइम. काटा तसूभर हलला नाही, नुसतं बारसं झालं.

ॲमस्टरडॅम पूर्वी ग्रिनिचच्या १९ मिनिटं ३२ सेकंद पुढे असायचं. आमच्या रकान्यात सेकंदांना जागाच नाही. १९३७ मध्ये डचांनी स्वतःच वैतागून २० मिनिटं केली, पण माझ्या वाट्याला आलेल्या सगळ्या नोंदी १९३७ च्या आधीच्या.

शेवटी अक्षरांचा नाद सोडला आणि सरळ ग्रिनिचपासूनच्या फरकाचे +०५:३०, +०१:०० असे आकडे भरले. साहेबांनी फाइल उघडली. "हे गणित कशाला? साधं आयएसटी लिहा की. सगळ्यांना कळतं."

त्याच जून महिन्यात त्यांनी बैठकीचं निमंत्रण धाडलं : दुपारी ३ वाजता, आयएसटी. आयर्लंडमधला, डब्लिनचा सहकारी साडेचार तासांनी हजर झाला. त्याच्या घड्याळात बरोब्बर तीन वाजले होते, आणि बैठकीत मी एकटाच उरलो होतो, इतिवृत्तावर वेळ लिहीत.