मृत्युपत्राबद्दलच्या तुमच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार. "साधं मृत्युपत्र करायला गेलो तर घर धाकट्याला देता येणार नाही म्हणाले, मुंबईत हे काम अर्ध्या तासात होतं" असं तुम्ही लिहिलं आहे. तुमच्या कुटुंबाचे कागद आम्ही चव्हाट्यावर उघडणार नाही. जे तुम्ही स्वतः इथे लिहिलंत, तेवढ्यापुरतं उत्तर देतो.

मुंबईत होतं, हे खरं. पण गोव्यात 2012 चा वारसा कायदा लागू आहे (अंमल डिसेंबर 2016 पासून), आणि इथलं मृत्युपत्र स्पेशल नोटरीपुढे, म्हणजे उपनिबंधक कार्यालयात करावं लागतं. घरी कागदावर लिहून दोघांच्या सह्या घेतल्या की झालं, असं इथे चालत नाही.

आता हिशेब. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल, तर मालमत्ता नवरा-बायकोची निम्मी-निम्मी. घर एक कोटीचं धरा. 50 लाख आईचेच. वडिलांच्या 50 मधले 25 मुलांसाठी राखीव, त्याला हात लावता येत नाही. उरलेले 25 ते कोणालाही देऊ शकतात. दोन मुलं असतील, तर धाकट्याला वडिलांकडून जास्तीत जास्त साडेसदतीस लाख. आईनेही आपलं स्वतंत्र मृत्युपत्र तसंच केलं, तर दोघांचे मिळून 75. उरलेल्या 25 साठी थोरल्याशी बोलणं आलंच. नाहीतर पुढे इन्व्हेंटरीत (मृताच्या मालमत्तेची यादी करून वाटणी करण्याची कोर्टातली प्रक्रिया) वारसांच्या आपसातल्या लिलावात धाकट्याने बोली लावून थोरल्याचा हिस्सा पैशात चुकता करायचा. बक्षीसपत्राची पळवाटही तितकीशी सोपी नाही. हयातीत दिलेलं दान वाटणीच्या हिशेबात धरलं जातं, आणि राखीव हिश्शाला धक्का लागला तर तेवढं कमी होतं.

"ठाण्याचा फ्लॅट तरी महाराष्ट्राच्या कायद्याने जाईल" हाही गैरसमज. गोवेकराच्या राज्याबाहेरच्या मालमत्तेलाही इथलाच वारसा कायदा लागू होतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये स्पष्ट केलं आहे.

भाड्याचं अर्धं उत्पन्न आईच्या रिटर्नमध्ये दाखवायला सांगितलं, त्याचा तुम्हाला राग आला. ती आमची लहर नव्हे. 31 मार्च 2026 पर्यंतच्या उत्पन्नाला लागू असलेल्या 1961 च्या आयकर कायद्याचं कलम 5ए तसं सांगतं: पगार सोडून भाडं, व्याज, धंदा, भांडवली नफा, सगळं दोघांत निम्मं. गडबड बहुधा टीडीएसमध्ये होते. तो कापला जातो एकाच्या पॅनवर आणि उत्पन्न दोघांच्या रिटर्नमध्ये, म्हणून शेड्यूल 5ए (रिटर्नमधला ही निम्मी वाटणी दाखवणारा तक्ता) न भरता रिटर्न टाकला की आकडे जुळत नाहीत.

दुसऱ्या वकिलाचं मत जरूर घ्या. फक्त गोव्यात काम करणारा शोधा, आणि आई-वडिलांच्या लग्नाच्या नोंदणीची प्रत सोबत न्या. लग्नाआधीचा करार होता की नाही हे आधी कळायला हवं, त्यावर वरचा अख्खा हिशेब बदलू शकतो.