हेल्मेटच्या काचेला पेट्रोल? अरे काय चाललंय काय!

सध्या एक फॉरवर्ड फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. "पावसाळ्यात हेल्मेटच्या काचेवर वाफ धरते? शोरूमवाले कधीच सांगणार नाहीत असे ७ घरगुती उपाय, एकदा करा आणि कायमचं विसरा". खाली ढीगभर हात जोडलेले इमोजी आणि "प्रत्येक बाइकवाल्यापर्यंत पोचवा". असले मेसेज मी एरवी उघडत पण नाही. पण हा आमच्या फॅमिली ग्रुपवर दाजींनी टाकला आणि भाच्याने त्यातला पहिला उपाय त्याच संध्याकाळी करूनही टाकला. पोरगा चाकणला नाईट शिफ्टला जातो, म्हणजे अंधार, पाऊस आणि समोरून कंटेनरचे हेडलाइट. दुसऱ्या दिवशी काचेचा फोटो, "मामा, हे असं का झालं?" काच दुधाळ झालेली, कडेला केसासारख्या बारीक भेगा. म्हणून हे लिहितोय, आणि थोडं चिडून लिहितोय.

तर उपाय नंबर एक. "स्वच्छ फडकं पेट्रोलमध्ये भिजवून काच आतून-बाहेरून पुसा, तेलकटपणा निघून जातो आणि वाफ धरतच नाही."

आपण काच म्हणतो, पण ती काच नाहीये. व्हायझर पॉलिकार्बोनेटचा असतो, म्हणजे प्लास्टिकच. दगड लागला तर हे प्लास्टिक काचेसारखं फुटून डोळ्यात जात नाही म्हणून ते वापरतात, पण पेट्रोल, थिनर, ॲसिटोन असलं काही लागलं की त्याचा निकाल लागतो. व्हायझर वाकवून बसवलेला असतो, त्यात आधीच ताण असतो आणि सॉल्व्हंट लागलं की त्या ताणाच्या जागी बारीक भेगा पडतात. वर ओरखडे पडू नयेत म्हणून कोटिंग असतं, बऱ्याच व्हायझरला आतून वाफ धरू नये म्हणूनही कोटिंग असतं, तेही गेलंच. म्हणजे वाफ घालवायला जे लावलं त्यानेच वाफेविरुद्धचा थर काढून टाकला, वा!

आणि व्हायझर ही तर स्वस्तातली गोष्ट आहे. खरी भीती आतल्या थर्माकोलची आहे. हेल्मेटमध्ये कापडी गादीच्या मागे जो जाड थर असतो तो थर्माकोलचाच जरा घट्ट भाऊ, आणि पडल्यावर डोक्याला बसणारा मार तोच स्वतः चेपून खातो. थर्माकोल पेट्रोलमध्ये विरघळतो. झिजतो वगैरे नाही, विरघळतो, चिकट गोळा होतो (हे घरी करून बघू नका, व्हिडिओ पडलेत चिक्कार). ओलं फडकं घेऊन आतून पुसताना चार थेंब कडेने आत ओघळले तर कुठे किती खड्डा पडला हे तुम्हाला कधी कळणारच नाही, कारण वरून गादी आहे. हेल्मेट बाहेरून नवंकोरं दिसेल. काही हेल्मेटचं बाहेरचं कवच एबीएस प्लास्टिकचं असतं, त्यालाही पेट्रोल चालत नाही.

हे माझं डोकं नाही. संयुक्त राष्ट्रांचा हेल्मेटसाठीचा नियम क्रमांक २२ आहे, ज्याला बाइकवाले ईसीई म्हणतात, त्यात स्पष्ट आहे की ज्या हेल्मेटला असल्या गोष्टींनी बाधा होते त्यावर ठळक इशारा असलाच पाहिजे, आणि इशारा काय तर या हेल्मेटला रंग, स्टिकर, पेट्रोल किंवा दुसरं कुठलं सॉल्व्हंट लावू नका. पेट्रोलचं नाव घेऊन लिहिलंय! तुमच्या हेल्मेटच्या आत लेबल असेल तर वाचा, नाहीतर सोबत आलेलं माहितीपत्रक वाचा, त्यात सौम्य साबण आणि कोमट पाणी एवढंच सापडेल. आता नियम बनवणाऱ्यांचं ऐकायचं की "शोरूमवाले सांगणार नाहीत"वाल्याचं, तुम्हीच ठरवा.

शिवाय वाफ धरते ती तेलकटपणामुळे हेच मुळात अर्धवट आहे. श्वास बाहेर पडतो तो साधारण ३४ अंशाचा आणि पाण्याच्या वाफेने जवळजवळ गच्च भरलेला. बाहेर जुलैचा पाऊस, ताम्हिणीत नाहीतर वरंध्यात २०-२२ अंश, वारा आणि पाण्याने व्हायझर गार पडलेला. डाळ शिजताना झाकणाला आतून जे थेंब धरतात तेच इथे, फक्त इतके बारीक की प्रकाश विखुरतो आणि समोर सगळं पांढरं. मळकट व्हायझरवर लवकर धरते हे मान्य. पण चकचकीत स्वच्छ व्हायझरवरही धरणारच, कारण श्वास काही थांबत नाही. म्हणजे तीनच रस्ते उरतात, थेंबांचा सपाट थर करायचा, श्वास तिथे जाऊ द्यायचा नाही, किंवा आतला पृष्ठभाग गार होऊ द्यायचा नाही.

पहिला रस्ता म्हणजे यांचा उपाय दोन, भांड्याचं लिक्विड. आता नाइलाजाने सांगतो, हे चालतं. साबणाने पाण्याचा पृष्ठताण कमी होतो, थेंब गोल राहत नाहीत, पसरतात आणि त्यातून आरपार दिसतं. पण मेसेजमध्ये लिहिलंय "दोन्ही बाजूंनी जाडसर थर द्या, पुसू नका, सीझनभर टिकतो". बाहेरून लावलेला साबण पहिल्या सरीत वाहून जातो, आणि आतला जाड थर सुकला की रात्री समोरच्या लाइटमध्ये पांढरे फराटे दिसतात. तो ओघळून डोळ्यात गेला तर काय होतं? एप्रिल २००१ मध्ये कॅनडाचा अंतराळवीर क्रिस हॅडफिल्ड स्पेसवॉक करत होता, व्हायझरला आतून लावलेल्या वाफविरोधी द्रावणाचा अंश डोळ्यात गेला, आधी एका डोळ्याने दिसेनासं झालं आणि मग पाणी पसरून दुसऱ्यानेही. त्याला थांबता आलं, मदतीला अख्खं नासा होतं. तुमच्यामागे एसटी असणार. तेव्हा लावायचंच तर कोमट पाण्यात एखादा थेंब, किंवा बेबी शाम्पू, फक्त आतून, मायक्रोफायबरने पूर्ण पारदर्शक दिसेपर्यंत पुसून. पहिल्या लांब पावसानंतर परत लावावं लागेल, सीझनभर वगैरे काही नाही. आणि काच पुसायचे ते निळे स्प्रे नकोत, बऱ्याच स्प्रेमध्ये अमोनिया असतो आणि तोही पॉलिकार्बोनेटचा वैरीच.

टूथपेस्ट. गाडीचे पिवळे पडलेले हेडलाइट टूथपेस्टने चमकतात ना, ते घासले जातात म्हणून चमकतात. व्हायझर घासायचाय का तुम्हाला? दिवसा कळत नाही, रात्री प्रत्येक दिव्याभोवती चांदण्या दिसतात.

बटाटा आणि तंबाखू. ट्रकवाले वायपर बंद पडला की काचेवर तंबाखू चोळतात हे खरंय, पण ती खरी काच, आणि बाहेरून. नाकाच्या दोन बोटं पुढे तंबाखूचा रस कोणाला हवाय? पुढे.

"हनुवटीजवळ ड्रिलने दोन भोकं पाडा, हवा खेळती राहते." पेट्रोल नसतं तर पहिला नंबर मी याला दिला असता. हेल्मेटवरचा आयएसआय मार्क आयएस ४१५१ या मानकाचा असतो आणि तो कारखान्यातून आलेल्या अखंड हेल्मेटला असतो, तुम्ही भोसकलेल्या नाही. तोंडावर पडलात तर पहिला मार हनुवटीच्याच पट्टीवर, आणि तडा भोकापासूनच सुरू होणार. हवा हवीये हे बरोबर आहे हो, पण फुलफेस हेल्मेटला बहुतेक वेळा तिथे व्हेंट असतोच, तो उघडा आहे का, चिखलाने बुजलाय का ते आधी बघा. काही स्वस्त हेल्मेटचा व्हेंट नुसता शोभेचा असतो हे पण खरं, घेताना फुंकर मारून बघायची. नाकावर बसणारा ब्रेथ गार्ड मिळतो, तो श्वास खाली ढकलतो. सिग्नलला व्हायझर एक खाच वर करा, निघालं की खाली. आणि आपल्या पुण्यातला नाकातोंडावरून गच्च बांधलेला स्कार्फ, त्याने श्वास वरच्या बाजूनेच निसटतो, चष्मा असेल तर बघायलाच नको.

मेसेजमध्ये पुढे, पिनलॉक म्हणे फसवणूक. नाहीये. व्हायझरच्या आत दुसरी पातळ लेन्स बसते, कडेला सिलिकॉनचं सील, मधे हवेचा थर, त्यामुळे आतली लेन्स गार पडत नाही आणि वर ती ओलावा शोषून घेते. वर म्हटलेला तिसरा रस्ता हाच. महाग आहे, पिना असलेल्या व्हायझरलाच बसतो, रात्री कधी दिव्यांची दुहेरी सावली दिसते आणि कोरड्या फडक्याने खसाखसा पुसला तर ओरखडतो, इतकं त्यांचं खरं. सील नीट बसलं नाही तर दोन थरांच्या मधेच पाणी धरतं, मग लोक वैतागून शिव्या घालतात, बऱ्याचदा पिना फिरवून घट्ट केल्या की भागतं. रोज घाट चढणाऱ्याने घ्यावा, गल्लीतून दूध आणायला जाणाऱ्याला गरज नाही.

आणि सातवा, "काहीच जमलं नाही तर जोराच्या पावसात हेल्मेट काढून हँडलला लावा, कायद्यात सूट आहे". कुठल्या कायद्यात? मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ काढून वाचा, पगडी घालणाऱ्या शिखांना सूट आहे, पावसाचा उल्लेखही नाही. कलम १९४ ड प्रमाणे १००० रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स अपात्र. दंड जाऊ द्या, पन्नासच्या स्पीडला उघड्या डोळ्यांवर पाऊस घेऊन बघितलाय का कधी? वाफेतून निदान अंधुक तरी दिसतं, तिथे डोळाच उघडत नाही. समोरचं दिसेनासंच झालं तर व्हायझर वर करून हळूहळू कडेला घ्यायची, एखाद्या टपरीखाली उभं राहायचं, पाच मिनिटं उशिरा पोचलं तर कंपनी काही पळून जात नाही. दाजी, तुम्ही पण वाचताय ना?