जन्मतारखेवरून गाठीचा स्वभाव कळत नाही

‘स्तनाचा कॅन्सर तरुणपणी झाला तर घातकच. साठीनंतरचा मंद असतो, जागचा हलत नाही, म्हणून म्हाताऱ्या बाईच्या मागे तपासण्या-उपचारांचा ससेमिरा लावू नका.’ हा मेसेज सगळीकडे फिरतोय. त्यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच लोक त्यावर विश्वास ठेवतात.

तथ्य एवढंच: चाळिशीच्या आत ट्रिपल निगेटिव्ह (इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन या हार्मोनचे रिसेप्टर नाहीत, हर-टू प्रथिनही जास्त नाही) आणि हर-टू पॉझिटिव्ह (हर-टू हे वाढीला चालना देणारं प्रथिन जास्त असलेल्या) गाठींचं प्रमाण जास्त, वय वाढेल तसं इस्ट्रोजेन रिसेप्टर पॉझिटिव्ह, म्हणजे इस्ट्रोजेन हार्मोनवर वाढणाऱ्या गाठींचं. पण सत्तरीतही ट्रिपल निगेटिव्ह गाठ होते आणि तिशीत हार्मोनवर वाढणारीही. समोरच्या बाईची गाठ कुठली, हे बायोप्सीशिवाय कुणीच सांगू शकत नाही.

‘जागचा हलत नाही’ हे तर साफ खोटं. कॅन्सर दुधाच्या नळीतच थांबलेला असेल तर तो डीसीआयएस. नळीचं अस्तर भेदून बाहेरच्या ऊतींत शिरला की इन्व्हेजिव्ह. याचा वाढीच्या वेगाशी संबंध नाही. अगदी सावकाश वाढणारी, ग्रेड एकची (सूक्ष्मदर्शकाखाली सर्वांत सौम्य दिसणारी) गाठही इन्व्हेजिव्ह असू शकते. लोब्युलर, म्हणजे दुधाच्या ग्रंथींत सुरू होणारा कॅन्सरच घ्या. तो उतारवयात अधिक आढळतो, बहुधा रिसेप्टर पॉझिटिव्ह असतो. त्याच्या पेशींना एकमेकींशी जखडून ठेवणारं ई-कॅडहेरिन हे प्रथिन सहसा उरलेलं नसतं, त्यामुळे त्या एकेरी रांगेने ऊतींत घुसत जातात. अनेकदा ठळक गाठ हाताला लागत नाही, मॅमोग्राममध्येही तो निसटतो. मेसेजवर विसंबून थांबलेल्या बाईचं सर्वाधिक नुकसान इथे होतं.

शिवाय मंद म्हणजे निर्धोक नव्हे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या विश्लेषणात, पाच वर्षं हार्मोन उपचार घेतलेल्या रिसेप्टर पॉझिटिव्ह रुग्णांमध्ये कॅन्सर विसाव्या वर्षापर्यंत उलटत राहिला. गाठ दोन सेंटीमीटरपर्यंतची, काखेतल्या लसिकाग्रंथींत कॅन्सर नाही, तरीही पाचव्या ते विसाव्या वर्षादरम्यान तो दूरच्या अवयवांत पोहोचण्याची जोखीम १३ टक्के होती.

‘तरुणपणी घातकच’ हेही तरुण मुलींना विनाकारण खचवणारं वाक्य आहे. हर-टू पॉझिटिव्ह गाठींचं चित्र ट्रास्टुझुमॅब या हर-टूवर नेम धरणाऱ्या औषधाने पालटलं आहे.

उपचार किती झेपतील, हा प्रश्न मात्र रास्त आहे. हृदय अशक्त असेल तर डॉक्टर केमो टाळून हार्मोनच्या गोळ्यांवर भागवू शकतात, पण गाठ रिसेप्टर पॉझिटिव्ह असेल तरच. म्हणून आईचं, आजीचं वय कितीही असो, ईआर (इस्ट्रोजेन रिसेप्टर), पीआर (प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर), हर-टू आणि ग्रेडचा रिपोर्ट आधी मागून घ्या.